जे पिकलं त्याची भरपाई

जपानच्या तोयामा प्रांतातून जिंझू नदी वाहते. तिच्या वरच्या अंगाला, डोंगरात, कामिओका इथे जस्त आणि शिसं काढणारी मोठी खाण होती. खाली सपाटीला भातखाचरं. नदीचं पाणी पाटांनी शेतात यायचं, त्याच पाटावर बायका तांदूळ धुवायच्या, तेच पाणी प्यायच्या. या गोष्टीतलं घर मी कल्पिलेलं आहे. नदी, खाण, आजार आणि न्यायनिवाडा खरा आहे.

त्या घराचं एक खाचर पाटाच्या अगदी तोंडाशी होतं. खाणीतून आलेला पांढुरका गाळ पहिल्यांदा तिथेच बसायचा. त्यातलं भात खुरटं राहायचं, लोंब्या पोचट निघायच्या. म्हाताऱ्याने पाटाच्या तोंडाशी एक खड्डा खणला होता. पाणी त्यात थबकून गाळ खाली बसावा आणि मग पुढे जावं, अशी त्याची युक्ती. खड्डा भरला की तो गाळ उपसून बांधावर टाकायचा. पावसात बांध धुपला की तोच गाळ पुन्हा शेतात.

युद्ध संपल्यावर गावोगावचे शेतकरी एकत्र आले, खाणीकडे गेले आणि घटलेल्या पिकाची भरपाई मिळवू लागले. यासाठीही फार झगडावं लागलं होतं, म्हणून पैसे आले की म्हाताऱ्याला समाधान वाटायचं.

"नदी घेते, कंपनी देते. हिशेब मिटला," तो मुलाला म्हणायचा.

खालच्या खाचरांतलं भात मात्र छान यायचं. दाणा भरलेला, रंग स्वच्छ. ते विकायला जायचं. वरच्या खाचरातला हलका, तुकडा पडणारा तांदूळ घरी खायला ठेवायचा. कोकणातल्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. चांगलं बाजाराला आणि उरलंसुरलं घराला, ही रीत गरिबीने सगळीकडे सारखीच लावली आहे. घरात सर्वांत शेवटी जेवायला बसायची सून. तिची चार बाळंतपणं झाली होती आणि प्रत्येक बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती चिखलात उभी राहून लावणी करत होती.

चाळिशी ओलांडली आणि तिची कंबर दुखू लागली. मग मांड्या. मग ती बदकासारखी डुलत चालू लागली. एका हिवाळ्यात खोकला आला आणि खोकता खोकता बरगडी मोडली. पुढे कूस बदलली तरी हाड मोडायचं. 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', एवढेच शब्द तिच्या तोंडी उरले. नदीकाठच्या कितीतरी घरांतून तेच ऐकू येत होतं, आणि पुढे वर्तमानपत्रांनी आजाराला तेच नाव दिलं. शवविच्छेदनात एका रुग्ण बाईची हाडं ७२ ठिकाणी मोडलेली आढळली होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचं पान उलटवेना.

"तिला दवाखान्यात नेऊ नकोस," म्हातारा मुलाला म्हणाला. "गावभर होईल. पोरींना स्थळं यायची नाहीत. आणि आपल्या गावचा तांदूळ कोण घेईल?"

म्हातारा वाईट नव्हता. काठावरच्या बहुतेक घरांत हेच बोललं जात होतं. कुणी त्याला घराण्याचा शाप म्हणे, कुणी मागच्या जन्मीचं पाप.

मुलाने ऐकलं नाही. त्याने बायकोला हातगाडीवर निजवलं आणि नोबोरू हागिनो या डॉक्टरांकडे नेलं. हागिनो १९४६ साली युद्धावरून परतले होते आणि वडिलोपार्जित दवाखाना सांभाळत होते. अतिश्रम आणि निकृष्ट आहार हेच कारण असावं, असं त्यांनाही आधी वाटलं होतं. पण मग कष्ट आणि गरिबी तर सगळ्या गावांत होती, आजार मोजक्याच गावांत का? त्यांनी नकाशावर एकेका रुग्णाचं घर ठिपक्याने दाखवलं. ठिपके पडले ते जिंझूचं पाणी घेणाऱ्या पट्ट्यात. उपनद्यांच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांत ठिपका नव्हता.

हे कानावर आलं त्या रात्री मुलाला झोप लागली नाही. त्याची मेहुणी शेजारच्या गावात दिली होती. बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठी, सहा मुलांची आई, कष्टही तेवढेच. पण तिचं शेत डोंगराच्या ओढ्यावर भिजत होतं, आणि ती अजून पाठीवर पोतं घेऊन चढण चढत होती.

हागिनोंनी १९५७ मध्ये खाणीकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांनाच प्रसिद्धीला हपापलेला खेडवळ डॉक्टर म्हणून हिणवण्यात आलं. १९६१ मध्ये, शास्त्रज्ञांच्या साथीने, त्यांनी धातूचं नाव सांगितलं: कॅडमियम. जस्ताच्या खनिजात ते सोबतीला असतंच. त्याला चव नाही, वास नाही, तांदूळ कितीही शिजवला तरी ते जात नाही. खाचरात पाणी साचलेलं असतं तोवर ते चिखलातल्या गंधकाशी बांधलं जाऊन बरंचसं जागच्या जागी राहतं. कापणीआधी पाणी सोडून खाचर सुकवलं की ते सुटं होतं, आणि मुळं नेमकी तेव्हाच ते दाण्यात ओढून घेतात. शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. मूत्रपिंड बिघडलं की हाडांना लागणारं फॉस्फेट लघवीवाटे वाहून जातं आणि हाडं मऊ पडतात. रक्तात लोह कमी असेल तर आतडी कॅडमियम जास्त शोषतात. म्हणून बहुतेक रुग्ण सुनेसारख्या होत्या, चार-पाच बाळंतपणं झालेल्या, शेवटी जेवणाऱ्या.

रोप खुरटं राहिलं तर शेतकऱ्याला कळतं. पण जेवढ्या कॅडमियमने माणूस मोडतो, तेवढं पोटात घेऊनही भाताचं रोप हिरवंगार दिसू शकतं. ज्या खालच्या खाचरांसाठी म्हाताऱ्याने कधी एक येनही मागितला नव्हता, त्यांचा टपोरा तांदूळही निर्दोष नव्हता. न पिकलेल्या भाताचे पैसे मिळत राहिले. पिकलेलं भात ताटात आलं, त्याचा हिशेब कुणी मांडलाच नाही.

सून १९६७ च्या पावसाळ्यात गेली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक कोर्टात गेले, त्यांत तिचा नवरा होता. मे महिन्यात जपानच्या आरोग्य मंत्रालयाने खाणीतलं कॅडमियम हेच कारण असल्याचं जाहीर केलं. ३० जून १९७१ ला जिल्हा न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने अपील केलं, ते ९ ऑगस्ट १९७२ ला फेटाळलं गेलं.

दुसऱ्याच दिवशी गावकरी तोक्योला कंपनीच्या मुख्य कचेरीत जाऊन बसले. शेजारी सुनेच्या नवऱ्याच्या कानाशी लागला, "भरपाई मान्य केलीय त्यांनी. आता घरी जाऊ या."

"पैसे मागेही मिळाले होते," तो म्हणाला. "बाबांनी दर वर्षी मोजून घेतले. ती घरात होती तेव्हा."

त्या दिवशी कंपनीने तीन कागदांवर सही केली. भरपाई, जमिनीची दुरुस्ती आणि तिसरा कागद असा, की गावकरी त्यांना वाटेल तेव्हा, त्यांनी निवडलेले शास्त्रज्ञ घेऊन खाणीत शिरतील, काय हवं ते पाहतील आणि त्याचा खर्च कंपनी सोसेल. मला विचाराल तर सगळ्या लढाईत मोलाचा कागद हाच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तपासणीसाठी गावकरी खाणीत गेले. सांडपाण्याची मोरी दाखवून झाल्यावर कंपनीचा माणूस पुढे चालू लागला. सुनेचा नवरा मात्र थांबला.

"ही झाकलेली मोरी कुठे जाते?"

"जुनी आहे ती. यादीत नाही."

"मग यादीत घ्या. आणि हिचं पाणी या बाटलीत भरून द्या."

खाचरांची माती बदलायला १९७९ साली सुरुवात झाली. दूषित माती खोल गाडून वर डोंगरातली स्वच्छ माती पसरायची, असं ते काम ८६३ हेक्टरांवर चाललं आणि २०१२ मध्ये संपलं. एका खाणीने जे नासवलं ते सावरायला तेहतीस वर्षं लागली. नदीतलं कॅडमियम आता जवळजवळ निसर्गात असतं तेवढ्यावर आलं आहे. कामिओकात खनिज काढणं २००१ साली बंद झालं, पण धातू शुद्ध करण्याचा कारखाना चालू आहे. म्हणून गावकऱ्यांची तपासणीही दर वर्षी होते, आणि त्या घरातून आता सुनेची नात जाते.