आधी भिंत

पलाऊ बेटांजवळ, प्रवाळाच्या उतारावर 300 मीटर खोल एक कोवळा नॉटिलस राहत होता. अंग वाढलं, राहती खोली अपुरी पडू लागली. तसा तो शंखात थोडा पुढे सरकला आणि पाठीमागे मोतिया पडदा बांधू लागला. पडदा अजून कागदासारखा पातळ होता. मागे सुटलेल्या खोलीत पाणी कोंडलं होतं, आणि त्याचं ओझं पोराला सहन होईना. रात्री थोरले नॉटिलस वासाच्या मागावर वर चढत. मेलेला मासा, खेकड्यानं टाकलेली कात, काहीही त्यांना चाले. हा मात्र मागे रेंगाळायचा.

"हे पाणी आत्ताच काढून टाकतो," तो म्हणाला.

शेजारी एक म्हातारा होता. त्याच्या शंखाच्या तोंडाला काळी कड आली होती. वाढ पुरी झालेली, आत तीसेक खोल्या. त्यानं विचारलं, "काढशील. मग आत काय उरेल?"

"थोडा वायू, आजोबा."

"आणि बाहेर?"

पोर गप्प झालं. तिथे पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या तीसपट असतो. रिकाम्या खोलीतल्या वायूचा दाब मात्र साध्या हवेहूनही कमी. एवढा फरक त्या पडद्यानंच पेलायचा.

"आज त्या पाण्यानंच तुझी भिंत सावरली आहे, बाळा. भिंत पक्की झाल्याशिवाय खोली रिकामी करू नये. आठशे मीटरच्या आसपास तर माझ्यासारख्याचाही शंख फुटतो."

नॉटिलसच्या शंखाचं वळण सगळेच वाखाणतात. मला त्याहून थोर वाटते ती ही शिस्त.

पोरानं ऐकलं. पडदा हळूहळू जाड झाला. मग सगळ्या खोल्यांमधून ओवलेली बारीक नळी कामाला लागली. ती पाणी उपसत नाही. खोलीतलं मीठ आधी रक्तात ओढून घेते आणि मिठामागे पाणी आपसूक निघतं, अगदी सावकाश. मोकळ्या जागेत वायू झिरपत येतो. जड झालेल्या शंखाला तोल सापडला आणि एका रात्री पोर थोरल्यांबरोबर वर निघालं.

पुढच्या खोलीला आणखी वेळ लागला. खोल्या मोठ्या होत जातात तसा तो लागतोच. "किती दिवस?" असं या वेळी त्यानं विचारलं नाही.