बेत बदलण्याचा अधिकार

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत सकाळी दहाच्या सुमारास ‘स्टँड-अप’ चालू असतो. काही जण खोलीत उभे, काही घरून स्क्रीनवर. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय का, हे प्रत्येकाने थोडक्यात सांगायचं आणि पंधरा मिनिटांत आटपायचं. बोलणारा बहुतेक वेळा सहकाऱ्यांकडे नाही, मॅनेजरकडे बघून बोलतो. ‘लॉगिनचंच काम चालू आहे, ब्लॉकर नाही’, हे वाक्य सोमवारी ऐकू येतं, मंगळवारी येतं आणि गुरुवारीही येतं. एकच काम चार दिवस हलत नाही आणि तरी कुणाचं काही अडलेलं नसतं! लहान टप्प्यांत काम करत, वाटेत बेत बदलत जाण्याच्या ‘अजाईल’ पद्धतीच्या नावाखाली आपण पुष्कळदा हजेरीच घेत असतो.

मुळात अजाईल हजेरीसाठी नव्हतं. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड या डोंगराळ ठिकाणी सतरा जण जमले. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड अशी ती सगळी सॉफ्टवेअर लिहिण्यात मुरलेली माणसं. कागदपत्रांच्या ओझ्याखाली दबलेले, वर्ष-दोन वर्षं चालून शेवटी कुणालाच नको असलेली वस्तू हाती देणारे प्रोजेक्ट त्यांनी पाहिले होते. त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला आणि त्यात चार मूल्यं मांडली. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद, जाडजूड दस्तऐवजापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारावरच्या घासाघाशीपेक्षा ग्राहकाचा सहभाग, आणि ठरलेल्या बेताला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. बेत, करार, दस्तऐवज फेकून द्या, असं त्यांनी म्हटलेलं नाही. त्यांनाही किंमत आहे, फक्त झुकतं माप कशाला द्यायचं एवढंच त्यांनी सांगितलं.

त्याआधीच्या ‘वॉटरफॉल’ पद्धतीची गोष्टही मजेशीर आहे. 1970 मध्ये विन्स्टन रॉइस यांनी एका शोधनिबंधात आधी गरजा, मग आराखडा, मग कोडिंग, मग चाचणी अशी पायऱ्या-पायऱ्यांची आकृती काढली. या सरळ उतरत्या वाटेने जाणं धोक्याचं आहे, चाचणी अगदी शेवटी आली तर सगळं पुन्हा मुळापासून करावं लागेल, हे त्यांनी तिथेच लिहिलं होतं. उद्योगाने आकृती उचलली आणि इशारा तेवढा सोडून दिला. अजाईलचंही आज बरंचसं तसंच झालं आहे. कामांचा बोर्ड, ठरावीक मुदतीचे स्प्रिंट, कामाच्या अंदाजाचे पॉइंट सगळं आलं, पण ज्यासाठी ते होतं ते मागे राहिलं. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या डेव्ह थॉमस यांनीच 2014 मध्ये ‘अजाईल मेलं’ असं लिहिलं होतं. ‘स्क्रम’ या अजाईल पद्धतीच्या मार्गदर्शिकेच्या, म्हणजे ‘स्क्रम गाइड’च्या, 2020 च्या आवृत्तीतून स्टँड-अपचे ते तीन प्रश्नही काढून टाकले गेले.

मग अजाईल कशासाठी होतं? माझ्या मते याचं चांगलं उत्तर सॉफ्टवेअरच्या बाहेर, टोयोटाच्या कारखान्यात सापडतं. अजाईलच्या विचाराची एक मुळी तिथेही पोहोचते. तिथे जोडणीच्या पट्ट्यालगत एक दोरी असायची. काही बिघडलेलं दिसलं की साध्या कामगारानेही ती ओढायची. गटप्रमुख धावत यायचा आणि ठरल्या वेळात दुरुस्ती झाली नाही तर पट्टाच थांबायचा. पट्टा थांबणं म्हणजे नुकसान, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी ज्याच्या हाताखालून वस्तू जाते, त्याला दोष सर्वांत आधी दिसणार, म्हणून थांबवण्याचा अधिकारही त्याच्याकडे.

हे मी आमच्याच टीममध्ये पाहिलं. कॉलेजातून नुकतीच आलेली एक मुलगी एकदा स्टँड-अपमध्ये म्हणाली, “मला हे काम कळलेलंच नाही. कुणी तासभर माझ्याजवळ बसेल का?” क्षणभर सगळे गप्प. मग आमच्यातला सर्वांत जुना माणूस म्हणाला, “मी बसतो. खरं सांगायचं तर त्या भागाचं मलाही नीट उमगलेलं नाही.” दोघं बसले, आणि क्लायंटकडून आलेल्या दोन मागण्या एकमेकींना छेद देतायत हे दुपारपर्यंत उघड झालं. त्यानंतर ‘अडलंय’ म्हणणं लोकांना सोपं जाऊ लागलं. बोर्ड तोच होता, वेळही तीच होती.

घरात याचा प्रत्यय आला तो आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. मी पुण्यात, ताई नाशिकला, दादा बंगळूरला. औषधं, फिजिओ, रात्रीच्या मावशी, जेवण असा सगळा तक्ता आम्ही भावंडांनी आधीच आखला होता. शिवाय दर रविवारी रात्री तिघांनी फोनवर बोलायचं, काय जमलं, काय नाही ते पाहायचं आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल करायचा, असं ठरलं. पहिल्याच रविवारी ताई म्हणाली, “आईला पण घे की फोनवर.” आई आली आणि म्हणाली, “तो व्यायामवाला मुलगा दुपारी दोनला येतो. तेव्हाच जरा डोळा लागतो माझा. रात्री कुठे झोप असते?” दोनची वेळ फिजिओच्या, मावशींच्या आणि आम्हा तिघांच्या सोयीची होती. वेळ संध्याकाळवर गेली आणि व्यायामाबद्दलची तिची कुरकुर थांबली.

डेव्ह थॉमस यांनी ‘अजाईल मेलं’ या त्याच लेखात एक साधा नियम दिला आहे. दोन वाटा सारख्याच वाटत असतील, तर पुढे बदल करणं जिच्यामुळे सोपं राहील ती धरावी. आम्ही हॉस्पिटलचा पलंग विकत न घेता भाड्याने आणला तो याच विचाराने. आई वॉकर सोडून काठीवर आली तेव्हा तो निमूट परत गेला.

अर्थात प्रत्येक गोष्टीला ही पद्धत लावायची नसते. खुद्द ऑपरेशनला ‘आधी थोडं करून बघू’ चालत नाही. तिथे तपासण्या, भूलतज्ज्ञाची परवानगी, रक्ताची सोय सगळं आधीच नक्की हवं. पुलाच्या पायाचंही तेच. जिथून मागे फिरता येत नाही तिथे बेत पक्का असावा, जिथून फिरता येतं तिथे पावलं लहान टाकावीत. शिवाय घर म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. आईने या आठवड्यात किती पावलं जास्त टाकली, याचा आलेख काढायची कल्पना दादाने मांडली होती. ती तिने एका नजरेत निकालात काढली.

म्हणून एखादी टीम किंवा घर खरोखर अजाईल आहे का, हे ओळखायला मी बोर्ड आणि बैठका बघत नाही. ठरलेला बेत शेवटचा कधी बदलला आणि कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच विचारते. बदल नेहमी वरूनच येत असेल, तर तिथे फक्त हुकूम लवकर-लवकर बदलतात. नवख्या मुलीच्या किंवा अंथरुणावरच्या म्हातारीच्या शब्दाने तक्ता हलत असेल, तर मात्र तिथल्या लोकांनी अजाईल हा शब्द ऐकलेला नसला तरी चालेल.