तेरवीच्या घरातलं कुत्रं

रायगडावर शिवरायांच्या समाधीजवळ वाघ्याचा पुतळा आहे. महाराजांच्या जळत्या चितेत या कुत्र्याने उडी घेतली, अशी कथा. १९३६ च्या सुमारास इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून हे स्मारक उभं राहिलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये पुतळा उखडला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी परत झाली. कथेला समकालीन पुरावा नाही. ती मराठी मनात रुजवण्यात राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा मोठा वाटा मानतात. 

वाघ्या होता की नव्हता, ते इतिहासकारांनी ठरवावं. मला त्या कथेतली अपेक्षा छळते. धनी गेल्यावर कुत्र्याने काय करावं? चितेत उडी घ्यावी! ही तर सहगमनाची कल्पना झाली. याच रायगडावर १६८० मध्ये महाराजांच्या पत्नी पुतळाबाई सती गेल्या. बायकांना जी परीक्षा लावली, तीच आपण मुक्या जनावरालाही लावली. जो मागे राहिला, जेवला, झोपला, त्याचं दुःख मग कुणाच्या खिजगणतीत राहत नाही.

जपानच्या हाचिको या कुत्र्याचंही तेच झालं. त्याचे धनी, प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो, मे १९२५ मध्ये अचानक वारले. हाचिको मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. तो जिवंत असतानाच, १९३४ साली, त्याचा पुतळा उभारला गेला. मेल्यावर त्याच्या पोटात मांस भाजायच्या काड्या सापडल्या, आणि लोक म्हणू लागले की हा खाण्यासाठीच येत असणार. हा आक्षेप मला निर्दय वाटतो. आपणही तेरवीला गोडाचं रांधतो, घरच्यांना आग्रहाने दोन घास खायला लावतो. त्याने गेलेल्यावरची माया खोटी ठरते का?

नागपुरातल्या आमच्या गल्लीतले एक काका हृदयविकाराने गेले. त्यांचा शेरू गावठी, पिवळट रंगाचा, एक कान कायम पडलेला. पहाटे पाचला काकांबरोबर अंबाझरी तलावाच्या बाजूला फिरायला जाणं हा त्याचा नेम. ज्या दिवशी काकांना अंबाझरी घाटावर नेलं, त्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अंगावर जाईल म्हणून त्याला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाक्याजवळ बांधून ठेवलं होतं. नंतर तो रडला नाही, विव्हळला नाही. पाच वाजता फाटकाशी जाऊन बसे. काकांच्या स्कूटरसारखा आवाज आला की कान टवकारे, गाडी पुढे गेली की मान खाली टाके. रात्री झोपे ती व्हरांड्यातल्या खुंटीखाली. त्या खुंटीला काकांचा दुपट्टा टांगलेला होता. काकूंनी एक दिवस तो धुवायला काढला. शेरूने खुंटीखालची भिंत पुन्हा पुन्हा हुंगली, आणि तेव्हापासून तिथे झोपणं सोडून दिलं. काकू म्हणाल्या, “याले कोणं सांगावं जी, का ते आता येत नाही म्हणून?”

या खुंटीवरून मला अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांचे प्रयोग आठवतात. त्यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलं आणि निरनिराळे वास दिले. ओळखीच्या माणसाच्या वासाला मेंदूतला सुखाची चाहूल लागणारा भाग सर्वांत जास्त जागा झाला, आणि ते माणूस तेव्हा समोर नव्हतं. आपलं माणूस आपल्यापुरतं एका क्षणात जातं, डॉक्टर वेळ लिहून देतात. कुत्र्यासाठी ते अंथरुणात, चपलेत, खुर्चीच्या पाठीत मागे उरतं आणि दिवसादिवसाने विरत जातं, असं मानायला मला तरी जागा दिसते. त्याचं सुतक तेरा दिवसांच्या हिशेबात कसं बसणार?

इटलीत २०२२ साली ४२६ कुत्रेपाळकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातलं दुसरं कुत्रं मेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात फरक पडला, असं ८६ टक्के जणांनी सांगितलं. खेळणं कमी, झोप जास्त, अन्नावरची वासना उडालेली, माणसाच्या मागेमागे राहणं. पाळणाऱ्याचं स्वतःचं दुःख त्या सांगण्यात मिसळलेलं असणार, हे खरंच. पण माणूस गेल्यावरचं दुःख मोजणं त्याहून अवघड आहे, कारण त्या कुत्र्याला सर्वांत जास्त ओळखणाराच गेलेला असतो.

आपल्या परंपरेने मरणाच्या वाटेवर कुत्र्याला जागा दिली आहे. ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे आहेत, महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचं नाकारतो, श्राद्धाच्या अन्नातून गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढतात. तो घास रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला घातला जातो, आणि घरचं कुत्रं मागे बांधलेलं. माझं मत विचाराल तर त्याला मोकळं सोडावं, देहाजवळ येऊ द्यावं, हुंगू द्यावं. त्याला त्यातून काय कळतं ते त्याचं त्याला ठाऊक. तोही घरचाच आहे.

खरा घाला तेरवीनंतर पडतो. नागपुरातल्या कितीतरी घरांत मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला. वडील गेले की आईला नेतात, घर बिल्डरला देतात, आणि कुत्रं गल्लीत उरतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं होतं की भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. धनी कोण, हा प्रश्न कायद्याला पडतो. रोज संध्याकाळी पोळी घालणारे आजोबा गेले, तर त्या चार कुत्र्यांचं कोण गेलं, याची नोंद कुठेच होत नाही.

काकांच्या तेरवीच्या संध्याकाळी पेन्शनचे कागद निघाले, बँकेच्या खात्याला नाव लावणं निघालं. मग मुलगा म्हणाला, “शेरू इथंच राहू दे आई, गल्लीतले सगळे खायला देतात.”

काकू म्हणाल्या, “खायाले देतीन रे, पण पाच वाजता त्याले नेईन कोण?”

त्या अजून इथेच आहेत. गुडघे दुखतात म्हणून अंबाझरीपर्यंत जाता येत नाही. चौकातल्या पानठेल्यापर्यंत जातात आणि परत येतात. शेरू आता पोटभर खातो.