उसना आवाज

‘सिंगिंग इन द रेन’ (1952) मी परवा पुन्हा पाहिला आणि पुन्हा शेवटाशी अडले. पडदा वर जातो. तारका लीना नुसते ओठ हलवतेय, मागे उभी कॅथी गातेय. खोटं उघडं पडतं, आपण खूश. पण कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सचं लीनासाठीचं एक गाणं प्रत्यक्षात बेटी नॉईज गायली. आणि कॅथी म्हणून लीनासाठी बोलणारा तो गोड आवाज? लीना झालेल्या जीन हेगनचाच! सत्याचा विजय सांगणाऱ्या सिनेमानं सत्यच झाकून ठेवलं.

आता, अंगात ताप असताना छत्री मिटून डबक्यात उड्या मारणारा नायक जीन केली बघितला की कुणाला हिशेब मागावासा वाटतो? (तो लांबलचक ब्रॉडवे बॅले मात्र कथेला अडवून ठेवतो, तेवढ्यात मी चहा टाकून येते.)

आपल्याकडे ‘महल’च्या (1949) तबकडीवर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. उसना आवाज मला पाप वाटत नाही, गाणारीचं नाव गिळणं वाटतं. बेटी नॉईजचं नाव ‘सिंगिंग इन द रेन’च्या श्रेयनामावलीत नाही.