घराचा परिग्रह

आमचं वाशीमचं जुनं घर धाब्याचं होतं. पावसाळ्याआधी आई वर चढून पांढरी माती चोपायची, भिंती पोतेऱ्याने सारवायची. त्यामुळे मातीच्या घराला कुणी सहज अपरिग्रह, म्हणजे गरजेपुरतंच बाळगण्याचं व्रत, म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं: या व्रताचे कष्ट कोणाच्या वाट्याला?

देवेंद्र कुमार यांनी १९७६ साली वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था उभी केली. तिथली मंडळी मला पटतात, कारण त्यांनी गरिबाला साधेपणाचं प्रवचन न देता छत शोधलं. कुंभाराने चाकावर घडवलेली निमुळती पोकळ कवेलू एकात एक बसवत न्यायची, कमान होते. लाकूड, लोखंड लागत नाही आणि पैसा गावातल्या कुंभाराकडे जातो.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला जाणारे आमचे जैन शेजारी परिग्रह-परिमाण व्रत घेतात, म्हणजे आपल्या मालमत्तेला मर्यादा घालून घेतात. त्यात सोन्याआधी येतात शेत आणि वास्तू. घराला मर्यादा घालायचा विचार इतका जुना आहे. घरकुलाच्या हप्त्यांसाठी खेटे घालणाऱ्याला तो लागू करणं मला अन्याय वाटतो. दोन माणसांसाठी सहा खोल्यांचा स्लॅब टाकणाऱ्याला आधी विचारा.