समुद्राला विचारून

इंग्लंडच्या प्लिमथ बंदराबाहेर, भर समुद्रात, एडिस्टनचा खडक आहे. भरती आली की तो पाण्याखाली दडतो, आणि कितीतरी जहाजे त्याच्यावर आपटून फुटली. त्यातली दोन हेन्री विन्स्टन्लीची. इथे काहीही टिकणार नाही, असे लोक बजावत असताना या हरहुन्नरी माणसाने दीपगृह उभारायचा चंग बांधला आणि १६९८ मध्ये दिवा लावूनही दाखवला. त्याचे धाडस मोठेच. पण यश डोक्यात गेले. मनोऱ्यावर सज्जे आणि नक्षीकाम चढले. आजवरचे सर्वांत भयंकर वादळ येईल तेव्हा आपण आतच असावे, असे तो बोलून दाखवू लागला.

नोव्हेंबर १७०३ मध्ये तसले वादळ आले. विन्स्टन्ली तेव्हा दुरुस्तीसाठी मनोऱ्यातच होता. वादळ ओसरल्यावर लोकांनी पाहिले, तर खडकात रोवलेल्या काही लोखंडी सळया तेवढ्या शिल्लक होत्या.

पुढचा लाकडी मनोरा १७५५ मध्ये जळाला आणि काम जॉन स्मीटनकडे आले. दीपगृह त्याने पूर्वी कधी बांधले नव्हते. म्हणूनच असेल, तो बोलला कमी आणि तपासत राहिला जास्त. साधा चुना पाण्यात घट्ट होत नाही. स्मीटनने वेगवेगळ्या चुनखडीचा चुना मळून त्याचे गोळे वळले, पाण्यात ठेवले आणि कोणता टिकतो ते पाहिले. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालीही धरतो, हे त्याला उमगले. आजच्या सिमेंटकडे जाणारी वाट इथूनच रुंद झाली. मनोऱ्याला त्याने ओकच्या बुंध्यासारखा आकार दिला, तळाशी रुंद आणि वर निमुळता. दगड असे घडवले की एकाचा पुढे आलेला भाग दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसावा. तळचे थर तर खडकातच खाचा पाडून अडकवले. १७५९ मध्ये तिथे २४ मेणबत्त्या पेटल्या.

शंभरावर वर्षांनी हादरे जाणवू लागले, तेव्हा कळले की मनोरा धडधाकट आहे, पण त्याच्या खालचा खडकच लाटांनी पोखरला आहे. जेम्स डग्लसने शेजारच्या खडकावर नवे दीपगृह बांधले. ते १८८२ मध्ये सुरू झाले. प्लिमथकरांनी वर्गणी काढून जुन्या मनोऱ्याचा वरचा भाग किनाऱ्यावर आणून पुन्हा उभा केला. डग्लसनेही नव्या मनोऱ्याचे दगड एकमेकांत अडकवले, ते स्मीटनची रीत आणखी पक्की करूनच.