कान कुठे लागले होते?

दुबईत मराठी मंडळींसमोर व्याख्यानाला आलेल्या एका विद्वानांनी मध्यंतरी ठणकावून सांगितलं, की अमिरातींना स्वातंत्र्य फुकट मिळालं, म्हणून त्यांच्याकडे स्वातंत्र्यगीतं नाहीत. आपण मात्र पोवाडे गाऊन इंग्रजाला पळवलं. टाळ्या पडल्या. परमुलखात राहणाऱ्याला असली वाक्यं फार गोड लागतात. मी हात बांधून बसलो होतो. हा लेख म्हणजे त्या दिवशीची राहिलेली उधारी.

त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे, ते आधीच देऊन टाकतो. १८२०च्या तहाने हा किनारा इंग्रजांच्या मुठीत गेला, आणि त्यामागची मोहीम निघाली होती आपल्या मुंबईहून! इंग्रज इथून गेले ते कुणी हुसकावलं म्हणून नव्हे. नोव्हेंबर १९६७मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जानेवारी १९६८मध्ये ब्रिटनच्या विल्सन सरकारने १९७१ अखेर आखातातून सैन्य काढून घेण्याचं जाहीर केलं. त्यावर अबुधाबी आणि दुबईच्या शेखांनी सैन्याचा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवली. 'चले जाव'च्या नेमकं उलट. लंडनच्या रिकाम्या तिजोरीपुढे कुणाची तान काय चालणार?

पण मग एका गोष्टीचा उलगडा होत नाही. १९५३मध्ये कैरोहून 'सौत अल-अरब' हे रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि त्याला उत्तर म्हणून साठच्या दशकात इंग्रजांना शारजाच्या लष्करी तळावरून 'सौत अल-साहिल' हे आपलं अरबी केंद्र चालवावं लागलं. ज्यांच्याकडे तळ होता, विमानं होती, त्यांना निवेदक आणि गाण्याच्या तबकड्या कशाला लागल्या? १९६५मध्ये शारजाचे शेख सक्र बिन सुलतान कैरो आणि अरब लीगकडे झुकले, तेव्हा त्यांना गादीवरूनच उतरवण्यात आलं. कैरोच्या रेडिओलहरी थोपवायला मात्र एवढा सोपा उपाय नव्हता.

इथे मला वसाहतवादाचा टीकाकार फ्रांझ फॅनन लागतो. त्याच्या १९५९च्या अल्जीरियावरच्या पुस्तकात रेडिओवर एक अख्खं प्रकरण आहे. अल्जीरियन कुटुंबं आधी रेडिओ विकतच घेत नसत; तो गोऱ्यांचा आवाज. १९५६ अखेर क्रांतिकारकांचं केंद्र सुरू झाल्याचं कळलं आणि वीस दिवसांच्या आत दुकानांतले संच संपले. फ्रेंचांनी संचांच्या, बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंधनं घातली, लहरींत खरखर सोडली. मग एक माणूस संचाला कान लावून बसायचा, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत. ऐकू यायचा एखादा तुटका शब्द. 'अमक्या लढाईचं सांगितलं का?' असं कुणी विचारलं की तो मान डोलवायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्या खरखरीतून पुरी बातमी तयार व्हायची. मजकूर जवळपास शून्य, आणि तरी राष्ट्र घडत होतं. फॅननने दाखवून दिलं, की सत्तेला भीती शब्दांची नसते. हजारो कान एकाच वेळी आपल्या हद्दीबाहेर लागलेत, याची असते.

हा निकष आमच्या विद्वानांच्या महाराष्ट्राला लावून पाहू. बाबाराव सावरकरांना १९०९मध्ये कवितांची पुस्तिका छापली म्हणून जन्मठेप, काळं पाणी झालं. म्हणजे गाण्याची धास्ती होतीच. पण सरकारने बंदी घातली त्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त पदं नाहीत, ते गद्य नाटक. उलट नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात पदांनी ओथंबलेलं 'संगीत शारदा' बघायला कलेक्टर जॅक्सन स्वतः आला होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी तिथेच अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जरठ-बाला विवाहावरच्या त्या पदांचं इंग्रजांना काडीचं भय नव्हतं. तेव्हा गाणं म्हटलं की क्रांती, हे समीकरण घरीही टिकत नाही.

इथवर मी गाण्याला रेडिओकडे कान ओढणारं आमिषच समजत आलो. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कैरोहून इजिप्तची गायिका उम्म कुलसूमची मैफल लागायची आणि तिथले अध्यक्ष नासर म्हणे आपली भाषणं तो मुहूर्त साधून करत. पण फॅनन १९६१मध्ये गेला, जून १९६७चं अरब-इस्रायल युद्ध त्याने पाहिलं नाही. इजिप्तचं हवाईदल पहिल्या काही तासांत जमिनीवरच जळालं असताना 'सौत अल-अरब'वर निवेदक अहमद सईद शत्रूची विमानं धडाधड पाडत होते. ती खरखर नव्हती, शुद्ध थाप होती, आणि श्रोत्यांनी ती माफ केली नाही. उम्म कुलसूमला मात्र कुणी सोडलं नाही. त्याच नोव्हेंबरात ती पॅरिसच्या ऑलिंपियात गायली, बिदागी देशाला दिली. तिच्या बहुतेक गाण्यांत विरह होता, विजयाची हमी नव्हती. मग खोटं कशात पडणार? इथे फॅनन पुरत नाही. कान कुठे लागले एवढंच पाहून भागत नाही, फसल्यावर ते कशापाशी टिकले तेही पाहावं लागतं.

नोव्हेंबर १९७१च्या अखेरीस, संघराज्य जाहीर व्हायला मोजके दिवस उरले असताना, अबुधाबीचे शेख झायेद यांच्या निमंत्रणावरून उम्म कुलसूम तिथे गायली. २ डिसेंबरला झेंडा वर गेला. राष्ट्रगीताची धूनही एका इजिप्शियन संगीतकाराचीच होती, आणि तिला शब्दच नव्हते. ते आरिफ अल-शेख यांनी १९८६मध्ये लिहिले. तोवर जवळजवळ पंधरा वर्षं लोक नुसत्या धुनेपुढे ताठ उभे राहिले. आज इथल्या भारतीय शाळांत आपली पोरं 'जन गण मन'च्या जोडीने तेच गीत अरबीत खणखणीत म्हणतात. त्यांच्या आईबापांपैकी कितीतरी जण त्या दिवशी टाळ्या वाजवत होते.